टायर सेन्सरचा सेल बदलून काम होत नाही

2008ची कॉर्वेट असो की त्या काळातली दुसरी कुठली अमेरिकन स्पोर्ट्स कार, सल्ला एकच फिरतोय, टायर प्रेशरचा सेन्सर गेला की आतला सेल बदला, झालं काम. नाही होत हो. तो लिथियम सेल रेझिनमध्ये सीलबंद असतो, साधारण 5-10 वर्षांत संपतो आणि मग अख्खा सेन्सरच बदलायचा, तोही चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला, म्हणजे टायर रिमवरून सोडवणं आलंच (नवे टायर टाकतानाच उरकून घ्या, मजुरी वाचते). डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बिघाड सिस्टीमचा, थेट पेटला तर बहुतेक हवाच कमी. आणि सेन्सर गाडीला ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर माहिती पाठवतो ती बघून घ्या, अमेरिकेतल्या 2008च्या कॉर्वेटला 315 मेगाहर्ट्झ लागतं, युरोपातला 433वाला स्वस्तात मिळाला म्हणून बसवलात तर गाडीला तो दिसणारच नाही.