पॅकेज-अवलंबन चाचणी

पॅकेज-अवलंबन चाचणी : सॉफ्टवेअर प्रणालीतील कोणत्या पॅकेजने (संबंधित कोडच्या गटाने) कोणत्या पॅकेजचा वापर करावा व कोणत्याचा करू नये, याचे नियम तपासणारी स्वयंचलित चाचणी. ती युनिट टेस्टबरोबर (कोडचे छोटे भाग सुटे तपासणाऱ्या चाचण्यांबरोबर) प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना, चालते. नियम मोडल्यास बिल्ड अडते.

कल्पनेचा उगम एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये वर्णिलेल्या ‘टीएचई’ या संगणक कार्यप्रणालीच्या थररचनेपर्यंत मागे नेता येतो. मात्र थर कोणत्या संबंधाने ठरवले हे सांगितल्याखेरीज श्रेणीबद्धतेला निश्चित अर्थ नसतो, असे डेव्हिड पार्नास यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९७९ मध्ये त्यांनी ‘वापर’ या संबंधाची व्याख्या केली : एका भागाचे अचूक काम दुसऱ्याच्या अचूकतेवर विसंबून असणे. आजच्या चाचण्यांना हा दुवा अधिक जवळचा वाटतो. अर्थात त्या केवळ एका भागाच्या कोडमधील दुसऱ्याचे उल्लेख मोजतात, अचूकतेचे अवलंबन नव्हे. अभिप्रेत आराखडा प्रत्यक्ष कोडशी ताडून पाहण्याची पद्धत गेल मर्फी, डेव्हिड नॉटकिन व केव्हिन सलिव्हन यांनी १९९५ मध्ये मांडली. जावा भाषेत हे नियम जेयुनिट या चाचणी-चौकटीतून तपासण्याची सोय प्रथम जेडिपेंड या साधनाने रुळवली असावी (साधारण २००० नंतर). आर्कयुनिट हे त्याच प्रकारचे साधन २०१७ मधील.

ही दोन्ही साधने मूळ कोड न वाचता बाइटकोड (कंपायलरने त्यातून संकलित केलेले रूप) वाचतात, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. संकलनाच्या वेळीच मूल्य ठरणारा ‘स्टॅटिक फायनल’ (न बदलणारा) स्थिरांक दुसऱ्या पॅकेजमधून घेतला, तर कंपायलर ते मूल्य थेट वापरणाऱ्या क्लासमध्ये (पॅकेजमधील कोडच्या घटकात) उतरवतो. इम्पोर्टची (दुसऱ्या पॅकेजमधील क्लास आणल्याची) ओळ बाइटकोडमध्ये नसतेच. त्यामुळे नियम मोडलेला असूनही चाचणी उत्तीर्ण होते. उलट, मूळ कोड वाचणारी साधने न वापरलेला इम्पोर्टही अवलंबन म्हणून मोजू शकतात. रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नुसत्या नावावरून, मिळवलेला क्लास बहुधा दोघांच्याही नजरेतून सुटतो.

पॅकेजचे नाव बदलल्यास जुन्या नावाचा नियम एकाही क्लासला लागू पडत नाही, तरी चाचणी हिरवीच (उत्तीर्ण) राहते. हा दोष अधिक घातक मानावा लागेल. आर्कयुनिटच्या अलीकडच्या आवृत्त्या असा रिकामा नियम आपोआप नापास करतात. चक्रीय अवलंबन (पॅकेजे फिरून एकमेकांवरच विसंबणे) शोधण्यास रॉबर्ट टार्जन यांची १९७२ मधील आलेख-रीत उपयोगी पडते. जुन्या प्रणालीत आधीची उल्लंघने नोंदवून गोठवतात व फक्त नवी अडवतात.

पायथन भाषेसाठी इम्पोर्ट लिंटर हे असे साधन आहे. गो भाषेत पॅकेजांमधील चक्र कंपायलरच नाकारतो. तेथे चाचणी उरते ती दिशेच्या, म्हणजे कोणी कोणाचा वापर करावा या, नियमांपुरती.