बनवेगिरी आणि पळवाट: धुराच्या चाचणीत गाड्या पास कशा होतात

डिझेल गाड्यांच्या धुराचा विषय निघाला की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एकीत गाडी चाचणी ओळखते आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागते. दुसरीत गाडी काहीच ओळखत नाही. चाचणीच इतकी सोपी असते की कंपनीने फक्त तिच्यापुरती तयारी केली तरी भागतं. रस्त्यावर जास्तीचा धूर दोन्हींत निघतो, पण गुन्हा सहसा पहिलीतच सिद्ध होतो.

पहिलीचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने चालवतात. चाकं फिरतात, स्टिअरिंग मात्र जागचं हलत नाही. स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब यांवरून सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं आणि धूर नियंत्रणात ठेवायचं. बाहेर पडल्यावर नायट्रोजन ऑक्साइड्स, म्हणजे धुरातले विषारी वायू, मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जायचे. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. हे उघडकीला आलं कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने मोजणीयंत्र गाडीतच बसवून ती कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरवली. युक्ती नवीन नव्हती: ट्रकची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांनी 1998 मध्येच अमेरिकी सरकारशी अशाच आरोपांवरून तडजोड केली होती.

दुसरी गोष्ट कमी गाजली आणि मला ती जास्त गंभीर वाटते. युरोपची जुनी चाचणी वीस मिनिटांची, 11 किलोमीटरची, उबदार खोलीतली. वेग इतका निवांत वाढवायचा की ताशी 50 किलोमीटरपर्यंत पोचायला 26 सेकंद. खऱ्या रस्त्यावर असं चालवलं तर मागचा हॉर्न थांबवणार नाही. कार्बन डायऑक्साइडचा आकडा खाली आणायला टायरमध्ये जास्त हवा भरणं, दारांच्या फटींवर टेप लावणं असले प्रकारही चालत. हे करायला लपवलेलं सॉफ्टवेअर लागत नाही. म्हणूनच हे एका कंपनीचं पाप न राहता धंद्याची रीत झालं.

या दोन्हींच्या मधे एक करडी जागा आहे. इंजिनाचं नुकसान टाळायचं असेल तर धूर रोखणारी यंत्रणा मंदावण्याची सूट युरोपच्या 2007 च्या नियमात आहे. तिचा आधार घेऊन काही गाड्या बाहेरचं तापमान 15 अंशांखाली किंवा 33 अंशांवर गेलं की धूर-नियंत्रण कमी करत. युरोपात 15 अंशांखालची हवा म्हणजे वर्षाचा मोठा भाग! गाडी इथे चाचणी ओळखत नाही, पण चाचणीचं तापमान मात्र नेमकं त्या पट्ट्यात बसतं. युरोपीय न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की वर्षातला बहुतांश काळ लागू राहणारी अशी सूट ग्राह्य नाही.

बनवेगिरीवर दंड चालतो. फोक्सवॅगनने 2017 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून 4.3 अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. पळवाटेवर दंड कसला लावणार? तिथे चाचणीच बदलावी लागते, आणि ती कोण घेतं हेही. युरोपात कंपनी आपल्या सोयीचा देश निवडून तिथून मंजुरी घेऊ शकत असे, आणि चाचणी करणाऱ्या संस्थेचं शुल्कही तीच भरे. सप्टेंबर 2020 पासून युरोपीय आयोगाला स्वतः गाड्या तपासण्याचा आणि प्रत्येक गाडीमागे 30,000 युरोपर्यंत दंड करण्याचा अधिकार मिळाला.

त्याआधी 2017 मध्ये रस्त्यावरची चाचणी आली होती, पण तिच्यात सुरुवातीला मर्यादेच्या 2.1 पटींपर्यंत मुभा ठेवली. कागदावर नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा किलोमीटरला 80 मिलिग्रॅम, आणि रस्त्यावर 168 मिलिग्रॅम सोडणारी नवी गाडीही तेव्हा कायदेशीरच होती.