डिफ्रॉस्टनंतर पाइप ठोकतोय, व्हॉल्व्ह बदलून द्या म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

अमोनियावर ब्लास्ट फ्रीझर आणि मायनसच्या रूम चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांकडून आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच, की डिफ्रॉस्ट, म्हणजे रूम थंड करणाऱ्या कॉइलच्या नळ्यांवरचा बर्फ वितळवणं, संपलं की छतावरची सक्शन लाइन, म्हणजे कॉइलमधून कॉम्प्रेसरच्या बाजूला परत जाणारा पाइप, धाडकन ठोका देते, सपोर्ट हलतात, इन्शुलेशनला चिरा पडल्यात, तुमचा व्हॉल्व्ह खराब निघाला, बदलून द्या. आमचा माणूस येतो, व्हॉल्व्ह खोलतो, सीट स्वच्छ असते, पिस्टन मोकळा असतो, आणि तुमची अर्धी शिफ्ट वाया जाते. बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हचा नसतोच, तो कधी आणि किती पटकन उघडला त्याचा असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ऑपरेटरलाही वाचायला द्या.

डिफ्रॉस्टसाठी हॉट गॅस, म्हणजे कॉम्प्रेसरकडून आलेला गरम अमोनिया गॅस, चालू असताना कॉइलमध्ये साधारण 6 बार प्रेशर असतं. त्याच वेळी मायनस 40 ची सक्शन लाइन वातावरणाच्याही खाली, म्हणजे गेजवर थोड्या व्हॅक्यूमला असते. कॉइलमधला बर्फ वितळवताना गरम गॅसचं लिक्विड होतं, ते कॉइलच्या तळाला आणि हेडरमध्ये, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या मोठ्या पाइपात, साचतं. पंपाने कॉइलला लिक्विड पुरवणाऱ्या सिस्टीममध्ये तर सक्शन लाइनमध्येही लिक्विड असतंच. आता अशा वेळी मेन सक्शन व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडला तर 6 बारचा गॅस सुसाट सुटतो, वाटेतलं लिक्विड उचलतो, पाइप भरून त्याचा एक गोळा होतो आणि तो गोळा पुढच्या एल्बोवर नाहीतर लाइनच्या शेवटच्या एंड कॅपवर जाऊन आदळतो. तिथे अडकलेला गॅस थंड लिक्विडला लागून क्षणात आकसला की धक्का अजून वाढतो. तुम्हाला ऐकू येतो तो ठोका हाच.

किती जोराचा, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब देतो. सेकंदाला 3 मीटर वेगाने जाणारं लिक्विड अमोनिया एकदम अडवलं तर प्रेशर अंदाजे 30 बारने उसळतं. गेजचा काटा एवढ्या झटपट हलत नाही, त्यामुळे गेजवर काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही असं धरू नका.

मुख्य चूक एकच आहे आणि ती घाईची आहे. हॉट गॅस बंद केल्यावर ब्लीड करायचं असतं, म्हणजे छोट्या लाइनमधून कॉइलचं प्रेशर हळूहळू सक्शनमध्ये सोडायचं, आणि दोन्हीकडचं प्रेशर जवळपास सारखं झालं की मगच मेन व्हॉल्व्ह उघडायचा. शिट्टी उतरल्याशिवाय कुकरचं झाकण घरात कोणी उघडत नाही, इथेही तेच. पण गाडी दारात उभी असते, माल आत टाकायचा असतो, मग ऑपरेटर पॅनल मॅन्युअलला टाकतो आणि ब्लीडची 5-10 मिनिटं वाचवतो. दुसरा प्रकार लाइट गेल्याचा. डिफ्रॉस्ट अर्धवट असताना सप्लाय जातो, डीजीवर (डिझेल जनरेटरवर) पॅनल परत चालू होतं, कोणीतरी अलार्म क्लिअर करायला रिसेट मारतं आणि पॅनल त्या कॉइलला सरळ कूलिंगवर नेतं, कॉइलमध्ये गॅस कोंडलेला आहे हे त्याला माहीतच नसतं.

हे आम्ही उगाच घाबरवायला सांगत नाही. 23 ऑगस्ट 2010 ला अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर इथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अगदी असंच झालं. 7 तासांपेक्षा जास्त वेळ लाइट नव्हती, परत आल्यावर अलार्म क्लिअर करताना डिफ्रॉस्टचा क्रम तुटला, हॉट गॅस भरलेली कॉइल थेट सक्शनला उघडली, छतावरचा 12 इंची सक्शन पाइप फुटला, आतली कॉइलही फुटली. 14 टनांहून जास्त अमोनिया बाहेर गेला आणि प्लांटच्या बाहेर, वारा वाहत होता त्या बाजूला असलेल्या शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी करून जे सांगितलं त्यात हेही होतं की बऱ्याच मोठ्या कॉइल एकाच व्हॉल्व्ह सेटवर जोडू नका, आणि मॅन्युअलने मध्येच डिफ्रॉस्ट तोडला तर पॅनलने ब्लीड चुकवता कामा नये.

डिफ्रॉस्टच्या सुरुवातीलाही हाच धोका असतो, त्याकडे लक्ष कमी जातं. लिक्विड फीड बंद केल्यावर पंखे चालू ठेवून कॉइल 15-20 मिनिटं रिकामी होऊ द्यायची, मग आधी छोट्या व्हॉल्व्हमधून हळू गॅस, आणि प्रेशर चढल्यावर मोठा. ग्राहक म्हणतात आधीचा माणूस सगळं 20 मिनिटांत उरकायचा, तुम्ही पाऊण तास लावता. लावतो, कारण कॉइलमध्ये थंड लिक्विड राहिलं की हॉट गॅस आधी तेच तापवत बसतो, खालच्या ट्यूबांवरचा बर्फ तसाच राहतो आणि दोन तासांनी परत डिफ्रॉस्ट घ्यावा लागतो. म्हणून आम्ही टायमरला पासवर्ड टाकून देतो. त्याचा राग येतो हे माहीत आहे, पण वेळ बदलायची असेल तर फोन करा, आम्ही कॉइल बघून बदलून देऊ, पासवर्ड मात्र शिफ्टवरच्या सगळ्यांना वाटू नका.

हाताचा व्हॉल्व्ह असेल तर चाक आधी जेमतेम पाव फेरा फिरवा आणि थांबा. सूं असा आवाज येईल, तो येतोय तोपर्यंत पुढे जायचं नाही. आवाज पूर्ण बसला, गेज स्थिर झाला, की मग सावकाश उघडा. चाक जड लागतंय म्हणून पाइप पाना लावून झटका देऊ नका, जड चाक अचानक सुटलं की व्हॉल्व्ह एकदम अर्धा उघडतो आणि हीच वेळ आपल्याला टाळायची असते. ग्लँड (चाकाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) घट्ट झालंय म्हणून सांगा, ते काम आमचं. आणि लिक्विड लाइनवर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये लिक्विड कोंडून ठेवू नका, आधी येणारी बाजू बंद करा, मधलं रिकामं होऊ द्या, मग पुढची. लिक्विडने गच्च भरलेला पाइप जरासा तापला तरी प्रेशर भलतंच चढतं.

मेन व्हॉल्व्ह बदलायची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही, व्हॉल्व्ह आम्हीच विकतो तरी हेच सांगतो. मेनच्या बाजूने छोटी ब्लीड लाइन आणि तिला सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह), आणि लाइट आल्यावर प्रत्येक कॉइल आधी ब्लीडवरच जाईल असा पॅनलमधला बदल, एवढ्यात काम होतं. कॉइल मोठ्या असतील, ब्लास्ट फ्रीझरला दिवसाला तीन-चार डिफ्रॉस्ट असतील, तर दोन टप्प्यात उघडणारा व्हॉल्व्ह घ्या, तो आधी थोडाच उघडतो आणि प्रेशरचा फरक उतरल्याशिवाय पूर्ण उघडतच नाही, मग ऑपरेटर कितीही घाईत असला तरी. महाग आहे, पण फुटलेली लाइन, वाया गेलेला गॅस आणि रूममधला माल धरला तर हिशोब तुम्हीच करा. किनाऱ्यावरच्या फिश प्लांटवाल्यांनी हे काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत काढावं, तेव्हा रूम रिकाम्या असतात आणि वेल्डिंगला लाइन मोकळी करता येते. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्यांचे टायमर आम्ही त्या सुमारास तपासतोच, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ठोका आला तर तीच कॉइल परत डिफ्रॉस्टला टाकून बघू नका. फोन करताना कुठली रूम, डिफ्रॉस्टच्या सुरुवातीला आला की शेवटी, त्याआधी लाइट गेली होती का, कोणी मॅन्युअलला टाकलं होतं का, एवढं सांगा. लाइनचे सपोर्ट आणि एंड कॅपजवळचं वेल्ड यांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवा, पण अमोनियाचा वास येत असेल तर फोटो काढायला कोणी वर जाऊ नका, माणसं वाऱ्याच्या आडव्या बाजूने बाहेर काढा आणि आम्हाला तिथूनच फोन करा.