नाहूर गेलं की पाय आपोआप उठतात

मुलुंडचं घर सोडून आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो, त्याला तीन आठवडे झाले होते. त्या संध्याकाळी सीएसएमटीला फास्ट गाडी चुकली म्हणून समोर लागलेली स्लो कल्याण पकडली. खिडकी मिळाली. नाहूर गेलं तशी मी उठले, पर्स पुढे घेतली, दारातल्या बाईला ‘मुलुंड का?’ विचारलं आणि गर्दीतून वाट काढत उतरलेही. पूल ओलांडून रिक्षाच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की आपलं घर आता इथे नाही.

घरी सांगितल्यावर सगळे म्हणाले, तंद्री लागली असेल. मला ते पटत नाही. त्या पाच मिनिटांत मी एकही चूक केली नव्हती. वेळेवर उठले, धक्के चुकवले, बरोब्बर त्याच बाजूच्या दाराशी गेले. मेंदूच्या एका भागाने आपलं काम चोख केलं होतं, फक्त त्याच्यापर्यंत नवा पत्ता पोचला नव्हता.

हा भाग म्हणजे बेसल गँग्लिया. मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्यभागाच्या खाली, खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके. एखादी गोष्ट आपण शेकडो वेळा तशीच केली, की तिचा ताबा हळूहळू यांच्याकडे जातो. अमेरिकेत एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबील यांनी उंदरांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवर उंदीर खाऊ शोधायला शिकत होते. सुरुवातीला या भागातल्या पेशी वाटभर जाग्या असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी सळसळू लागल्या, मधला भाग बराचसा शांत. हे वाचलं तेव्हा मला रोजचा प्रवास आठवला. गाडीत बसल्याचं आठवतं, उतरल्याचं आठवतं. घाटकोपर, विक्रोळी कधी गेलं ते विचारू नका.

‘लक्षात राहणं’ आणि ‘सवय होणं’ या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे दाखवणारा एक फार सुंदर प्रयोग आहे. बार्बरा नोल्टन, जेनिफर मँगल्स आणि लॅरी स्क्वायर यांनी तो 1996 साली प्रसिद्ध केला. पडद्यावर भौमितिक आकृत्यांची काही पानं दिसायची आणि ती पाहून सांगायचं, आज ऊन की पाऊस? एकही पान खात्रीचं उत्तर देत नाही, नुसता कल दाखवतं. त्यामुळे पाठ करून उपयोग नाही, हळूहळू अंदाज बसतो. ज्यांना नवं काही आठवतच नाही अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अंदाज चारचौघांसारखाच सुधारत गेला. प्रयोगाबद्दल विचारलं, तर मात्र त्यांना जवळजवळ काही सांगता येईना. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांचं नेमकं उलट झालं. काय काय घडलं ते त्यांना नीट आठवत होतं, पण अंदाज काही बसेना.

इथे हा विषय माझ्या घरात शिरतो. बाबांना कंपवात आहे.

नावामुळे लोकांना वाटतं, हात थरथरणं म्हणजे कंपवात. बाबांचा हात फारसा थरथरत नाही. त्यांचे पाय चिकटतात. मुलुंडच्या घरी एकदा ते पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले ते राहिलेच. ‘बाबा, या ना.’ ‘अगं, येतोय. पाय उचलत नाहीये.’ मोकळ्या खोलीत बरे चालतात, पण दाराच्या चौकटीत अडतात. आणि जिना मात्र बिनतक्रार चढतात. शेजाऱ्यांना ते ढोंग वाटायचं, आणि मला खरंच वाईट वाटायचं.

ते ढोंग नाही. बेसल गँग्लियाचं काम नीट चालायला डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते पुरवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठातल्या एका काळपट पट्ट्यात असतात, आणि कंपवातात त्याच मरत जातात. (गोळीतून थेट डोपामिन देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, त्याचं डोपामिन मेंदूत तयार होतं. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांमध्ये हेच लेव्होडोपा असतं. म्हणून घरच्या घरी बिया देऊ नयेत, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.) चालणं ही आपली फार जुनी सवय. पाऊल टाकताना आपण विचार करत नाही, तो भार बराचसा बेसल गँग्लिया उचलतात. बाबांना ती सोय उरलेली नाही. त्यांना प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागतं, आणि दार आलं, हातात तांब्या असला, कुणी हाक मारली, की ते ठरवणंच कोलमडतं.

मग जिना कसा जमतो? पायरी डोळ्यांना दिसते. ‘इथे पाय ठेव’ हा निरोप बाहेरून येतो आणि अडलेला रस्ता टाळून मेंदूच्या दुसऱ्या भागांमार्फत पायांपर्यंत पोचतो, असं मानलं जातं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी हेच वापरलं. पिवळ्या चिकटपट्टीचे तुकडे त्यांनी दाराच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर आडवे लावले, एकेका पावलाच्या अंतरावर. बाबा पहिल्या पट्टीकडे बघत थांबले, पाय उचलला, पट्टी ओलांडली. मग दुसरी. मग तिसरी, आणि ते थेट ओट्यापाशी.

त्या दिवशी मुलुंडहून पुन्हा गाडी पकडून उशिरा घरी आले, तेव्हा ही सगळी गोष्ट बाबांना सांगितली. ते खूप हसले. म्हणाले, ‘तुझे पाय माझ्यापेक्षा हुशार.’

डोंबिवलीच्या घरातही सामान लावायच्या आधी आम्ही पट्ट्या लावल्या होत्या. आता स्वयंपाकघरात जाताना, हातात काही असो नसो, पहिल्या पट्टीशी माझाही पाय उंच उचलला जातो.