व्हिसलर आणि आयनोस्फिअरमधल्या व्हीएलएफ लहरी

कोल्हापुरात वळीव सुरू झाला, वीज कडाडली की जुन्या रेडिओत खरखर होते हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्याच विजेतनं ३ ते ३० किलोहर्ट्झच्या, म्हणजे व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) पट्ट्यातल्या लहरीपण निघतात, बऱ्याचशा जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) ह्यांच्या मधल्या पोकळीत अडकून लांबवर जातात, थोड्या वर निसटतात, रात्री जास्त, कारण दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर त्यांना खातो. वर गेल्या की पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून चालतात, त्यात मोठी फ्रिक्वेन्सी पुढं पळते आणि लहान मागं रेंगाळते, म्हणून रिसीव्हरला स्पीकर लावला की वरनं खाली घसरणारी शिट्टी ऐकू येते, तोच व्हिसलर.

पहिल्या महायुद्धात शत्रूचे फोन चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउजेनला ह्या शिट्ट्या सापडल्या, १९५३ ला केंब्रिजच्या स्टोरीनं त्यांचं नातं विजेशी जोडून दाखवलं.

पण जमिनीवर बसून अर्धीच गोष्ट कळते. कॅनडाचा अलूएत-१ हा उपग्रह २९ सप्टेंबर १९६२ ला सुमारे १००० किमी उंचीवर गेला, मुख्य काम वरनं आयनोस्फिअर तपासायचं, व्हीएलएफ रिसीव्हर आपला सोबतीला. त्यात टेप रेकॉर्डर नव्हता, म्हणजे ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात असेल तेवढंच ऐकायचं! तरी त्याला खाली कधी न पोचणारा एक आवाज सापडला, 'लोअर हायब्रिड रेझोनन्स' नॉइज. हा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीखाली एकदम तुटतो, आणि इलेक्ट्रॉन किती दाट आहेत ते माहीत असेल तर त्या तुटण्याच्या जागेवरनं तिथल्या आयनांचं (विद्युतभारित अणूंचं) सरासरी वजन काढता येतं. शिट्टीपेक्षा मला हेच भारी वाटतं. पुढं प्रोटॉन व्हिसलर मिळाले, काहीशे हर्ट्झवर उलट्या, खालनं वर चढणाऱ्या शिट्ट्या.

फ्रान्सच्या डेमेटर उपग्रहानं २००४ ते २०१० अशी मोजमापं केली, भूकंपाआधी काही बदल दिसतात का हा मूळ हेतू, पण त्यावरचे निष्कर्ष अजून सगळ्यांना पटलेले नाहीत.

शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा रडार आहे, पण त्याची फ्रिक्वेन्सी १.९८ मेगाहर्ट्झ, कामही वेगळं, ८०-९० किमीवरचे वारे मोजायचं. आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ, त्यामुळं इथल्या चुंबकीय रेषा फार उंच न चढताच दक्षिणेकडं उतरतात, आणि उत्तरेतल्या देशांसारख्या लांबलचक शिट्ट्यांची आशा इथं धरू नये. आपल्या डोक्यावरनं जाणाऱ्या उपग्रहाच्या ग्राफवर १८.२ किलोहर्ट्झला सरळ रेघ दिसली तर ती निसर्गाची समजू नका, ती तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या ट्रान्समीटरची.