सुई लाल पट्ट्यात

कॅम्पस रेडिओच्या खोलीत तासभर बसलात तर हे चित्र हमखास दिसतं. एक पाहुणा माइकला चिकटून बोलतो, दुसरी पाहुणी खुर्चीत रेलून. मध्येच निवेदक खदखदून हसतो. मग जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं भावगीत लागतं आणि त्याला जोडून गेल्या वर्षीच्या सिनेमातलं गाणं. ऐकणाऱ्याचा हात सारखा आवाजाच्या बटणावर. मोठ्या केंद्रांवर आवाजाची ही वर-खाली होणारी पातळी सांभाळायला यंत्रं असतात आणि त्यातली चांगली काही लाखांच्या घरात जातात. विद्यार्थ्यांच्या केंद्राकडे बहुधा आवाज मिसळणारा एक छोटा मिक्सर आणि आळीपाळीने बसणारी मुलं एवढंच असतं. गंमत म्हणजे ती महागडी यंत्रं मुळात अशाच फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, बसलेल्या माणसाचं काम हलकं करायला निघाली.

मध्यम लहरींवरच्या रेडिओच्या सुरुवातीच्या काळात सगळा कारभार हातावर होता. मोठ्या वाद्यवृंदाच्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात 60 ते 70 डेसिबलचं (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) अंतर पडतं. हळू सूर रेडिओच्या खरखरीत बुडायचे. आवाज फार चढला की ट्रान्समीटरची मर्यादा ओलांडली जायची, आवाज फाटायचा आणि शेजारच्या केंद्राच्या फ्रिक्वेन्सीवरही सांडायचा. म्हणून नियंत्रण कक्षातला माणूस स्वरलिपी समोर ठेवून बसायचा. जोराचा भाग यायच्या आधीच तो पातळी हळूहळू उतरवत न्यायचा, म्हणजे श्रोत्याला कळायचं नाही आणि खरा जोर आला की चढायला जागा उरायची. पुढचं पान वाचून आधीच हात हलवणं, हे त्या माणसाचं खरं कसब होतं. यंत्राला ते फार उशिरा आणि फार थोडं जमलं.

हाताला डोळे हवेत, म्हणून आवाजाची पातळी दाखवणारे मीटर आले. अमेरिकेत केंद्रं टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडलेली होती आणि प्रत्येकाचा मीटर वेगळा. इकडून 'बरोबर' म्हणून पाठवलेला आवाज तिकडे 'जास्त' ठरायचा. टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा बेल लॅब्ज आणि सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्या यांनी मिळून 1939 मध्ये एकच व्हीयू मीटर ठरवला. त्याची सुई मुद्दाम मंद ठेवलेली आहे, साधारण 300 मिलिसेकंदांत ती जागेवर येते. त्यामुळे ती कानाला जाणवणारी सरासरी दाखवते, पण 'ट', 'प'सारख्या अक्षरांचे क्षणिक उसळे तिला दिसतच नाहीत. बीबीसीने तीसच्या दशकातच उलटा रस्ता धरला होता. त्यांच्या पीपीएम मीटरची सुई झटकन वर उडते आणि सावकाश खाली येते. काळ्या तबकडीवर पांढरे 1 ते 7 आकडे. आज मिक्सरवरच्या हिरव्या-लाल दिव्यांकडे बघताना हा दिवा सरासरी सांगतोय की उसळी, असा प्रश्न नव्या मुलांना कोणी विचारत नाही. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

1937 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा 110-ए हा लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरच्या उसळ्या दाबणारं यंत्र, आला. त्यामागचा हिशोब सोपा होता. उसळ्या यंत्राने दाबल्या तर बाकीचा आवाज तेवढा वर उचलता येतो, आणि 3 डेसिबल उचलणं म्हणजे ट्रान्समीटरची ताकद दुप्पट केल्यासारखं. केंद्रांनी लिमिटर घेतले ते आवाज सुंदर व्हावा म्हणून नव्हे, दूरवर पोचावा म्हणून. ही नियत पुढची सगळी दशकं या धंद्याला चिकटून राहिली.

विद्यार्थ्यांचा रेडिओ याच सुमाराचा. 1936 मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांमध्ये तारा ओढून स्वतःचं केंद्र उभं केलं. पुढे इमारतीच्या विजेच्या वायरिंगमध्येच हलका रेडिओ सिग्नल सोडायची युक्ती कॉलेजाकॉलेजांत पसरली. अशी केंद्रं 1940 मध्ये एका संघटनेखाली एकत्र आली. 1948 मध्ये अमेरिकन सरकारने शिक्षणसंस्थांना फक्त 10 वॅटचे एफएम परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुलं तारांतून बाहेर, हवेत आली. विजेच्या तारांतल्या गुणगुणीवर किंवा 10 वॅटच्या खरखरीवर आवाज तरंगत ठेवायचा, तर पातळी सतत वर हवी. आणि ती वर ठेवायला पगारी माणूस नाही.

पगारी माणूस असलेल्यांनाही तो नकोसाच होता. जिम लॉरेन्स हा इंजिनीअर रेडिओत काम केलेला. त्याने साठच्या दशकात टेलेट्रॉनिक्स कंपनीचा एलए-2ए हा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप उतरवणारं यंत्र, बाजारात आणला. आवाज वाढला की आत एक प्रकाशपट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी घटक बदलतो आणि पातळी उतरते. त्या घटकाला पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळच आवाजाला मऊ वळण देतो. आज गायकांच्या ध्वनिमुद्रणात मिरवणारं हे यंत्र मुळात निवेदकामागे धावून दमलेल्या बोटांसाठी होतं. सीबीएसच्या प्रयोगशाळेतल्या ऑडिमॅक्स या यंत्राने आणखी एक शहाणपण शिकवलं. आधीची यंत्रं बोलणारा थांबला की 'आवाज कमी झाला' असं समजून पातळी चढवायची, मग पंख्याची घरघर आणि कागदांची सळसळ पुढे यायची. ऑडिमॅक्स शांततेत हात न हलवता थांबून राहायचा. स्वस्त कॉम्प्रेसर लावलेल्या केंद्रावर आजही दोन वाक्यांच्या मधे खोली 'श्वास' घेताना ऐकू येते. तिथे नेमकं हे थांबणंच नसतं.

एफएमने वेगळीच गोची आणली. खरखर कमी करण्यासाठी प्रसारणाआधी उंच पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओ संचात परत उतरवले जातात. अमेरिकेत यासाठी 75 मायक्रोसेकंदांचं मानक आहे, युरोपात आणि आपल्याकडे 50. आपल्या मानकाने 15 किलोहर्ट्झच्या आसपास जवळपास 14 डेसिबलची भर पडते. म्हणजे मिक्सरवर निरुपद्रवी दिसणारा 'स', 'श', 'छ' ट्रान्समीटरपर्यंत जाताना राक्षस होतो. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बॉब ऑर्बनने 1975 मध्ये ऑप्टिमॉड-एफएम काढला. त्यात लिमिटर, गाळणी आणि डावा-उजवा आवाज एका सिग्नलमध्ये बांधणारा स्टिरिओ जनरेटर एकाच डब्यात बसवले होते, कारण ते वेगवेगळे असले की एकाने दाबलेली उसळी दुसरा परत उभी करायचा. तांत्रिक उत्तर म्हणून हे लाजवाब होतं. केंद्रांनी त्याचा उपयोग मात्र शेजाऱ्यापेक्षा मोठं ओरडायला केला.

स्वस्त यंत्रांची वाट डेव्हिड ब्लॅकमरने मोकळी केली. त्याच्या डीबीएक्स कंपनीने सत्तरच्या दशकात विद्युतदाबाने पातळी बदलणारं छोटं सर्किट वापरात आणलं. नव्वदच्या दशकापर्यंत अलेसिस, बेहरिंगर या कंपन्यांचे कॉम्प्रेसर कॉलेजच्या खर्चात बसू लागले.

भारतात ही कथा फार उशिरा सुरू होते. 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं ठरवलं. निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. 2002 च्या अखेरीस सरकारने शिक्षणसंस्थांना परवान्याचं दार उघडलं, 1 फेब्रुवारी 2004 ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचा अण्णा एफएम सुरू झाला, आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचा रेडिओ मस्ट याच वाटेने आले. सामुदायिक केंद्राची प्रभावी ताकद साधारणपणे 100 वॅट, अँटेना जमिनीपासून 30 मीटरपर्यंत. एवढ्याशा ताकदीत आवाज मधूनमधून खाली पडला, तर पाच-सात किलोमीटरवरचा श्रोता खरखरीत हरवतो. अमेरिकेच्या 10 वॅटवाल्यांची जुनी अडचण इथे जशीच्या तशी येऊन बसली.

एव्हाना उत्तर डब्यातून संगणकात गेलं होतं. 2001 मध्ये डेव्हिड रॉबिन्सनने रिप्लेगेन सुचवलं. प्रत्येक गाणं कानाला किती मोठं लागतं ते आधीच मोजून फाइलवर टिपून ठेवायचं आणि वाजवताना तेवढंच चढवायचं किंवा उतरवायचं. गाण्याच्या आतले चढउतार तसेच राहतात. भावगीताला चिकटलेल्या सिनेगीतावर याहून स्वस्त औषध नाही, आणि ते अजून कितीतरी केंद्रं वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. फ्रान्समध्ये लियों शहरातल्या एकोल नॉर्माल या उच्चशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या इंटरनेट रेडिओसाठी लिक्विडसोप ही प्रणाली लिहिली. गाणी लावणं, पातळी सारखी करणं, कॉम्प्रेसर, सगळं त्यात फुकट. यंत्रालाही थोडं पुढचं दिसू लागलं. आवाज काही मिलिसेकंद रोखून धरायचा, येणारी उसळी बघून घ्यायची आणि मग सोडायचा. स्वरलिपी समोर ठेवून बसलेल्या माणसाचं पान मात्र आख्खं असायचं.

मोजमापही बदललं. 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या जाणिवेवर आधारलेली पद्धत ठरवली आणि 2010 मध्ये युरोपीय प्रसारण संघाने उणे 23 एलयूएफएसचं (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं हे माप) लक्ष्य दिलं. ते दाखवणारे मीटर आज फुकट मिळतात. पण ही सगळी सरासरीची मापं झाली. एफएमचा आवाज वाहून नेणाऱ्या लहरीने मूळ फ्रिक्वेन्सीपासून 75 किलोहर्ट्झपेक्षा जास्त सरकायचं नाही, हा नियम क्षणाक्षणाला लागू असतो. म्हणून कार्यक्रम कितीही नीट मोजून बांधला असला, तरी ट्रान्समीटरच्या तोंडाशी 1937 सालच्या त्या यंत्राचा एखादा वंशज लावावाच लागतो.