मजकुराचा ठेचा

ठेच्याची पाककृती नोटपॅडमध्ये लिहा. वर नाव, त्याखाली हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ असं एकाखाली एक, मग कृती. फाइलच्या नावापुढे डॉट एचटीएमएल लावून ती ब्राउझरमध्ये उघडा. मजकुराचाच ठेचा! सगळं सलग, एकाच ओळीत. एंटर एकदा दाबा की दहादा, ब्राउझर त्याची एकच मोकळी जागा धरतो.

कुठला मजकूर काय आहे, हे त्याला खुणांनी सांगावं लागतं. त्या खुणा म्हणजे टॅग, आणि या खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. गणितातल्या 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' या चिन्हांमध्ये 'पी' लिहिलं की परिच्छेद सुरू. तीच खूण तिरक्या रेघेसह लिहिली की संपला. 'बीआर' नुसती ओळ तोडतो. त्याच्या पोटात काही नसतं, म्हणून त्याला बंद करायची भानगड नाही.

साहित्याला 'यूएल', कृतीला 'ओएल'. दोन्ही याद्याच, आणि दोन्हींतली प्रत्येक नोंद 'एलआय'मध्ये. पण लसूण मिरचीच्या आधी लिहिला म्हणून काही बिघडत नाही. भाजायच्या आधी कुटलं तर बिघडतं. म्हणून ओएल आकडे घालतो, आणि मधेच एखादी पायरी घुसवली तर पुढचे आकडे स्वतःच सरकवतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत अशा खुणांची पहिली यादी केली. टॅग होते जेमतेम १८, आणि त्यांतले बरेचसे सर्नमधल्या कागदपत्रांसाठी आधीपासून वापरात असलेल्या खुणांवरून घेतलेले. दुसऱ्या पानाकडे नेणारा 'ए' मात्र त्यांचा स्वतःचा.

मथळ्यांसाठी 'एच१' ते 'एच६'. इथे हमखास घोटाळा होतो: अक्षर मोठं दिसावं म्हणून लोक कुठेही एच१ ठोकतात, नाहीतर खरा मथळा नुसता ठळक करून सोडून देतात. डोळ्यांना चालून जातं. पण अंध वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, 'एच'ची कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातात. ठळक केलेलं अक्षर त्या वाटेत लागतच नाही.

आणि पानाच्या सुरुवातीच्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, लिहायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल, तर लसणाचा ल आणि शेंगदाण्याचा श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात.